'सैल सोडा' असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवरून घरी चालत येताना भिंतींवरच्या जाहिराती वाचायची मला शाळेपासून सवय आहे. बोअरवेल, क्लासेस, ट्रॅक्टरचं कर्ज, आणि मध्येच कुठंतरी लाल अक्षरात 'गुप्तरोग'. खाली 'खात्रीशीर इलाज' आणि मोबाईल नंबर. आम्ही पोरं ते मोठ्यानं वाचायचो आणि फिदीफिदी हसायचो. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी अशाच एका भिंतीसमोर थांबलो, नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत वाचला, आणि हसलो नाही.

माझं दुखणं भिंतीवरच्या यादीत बसत नव्हतं. सायकलची सीट शरीराला जिथं टेकते, तिथं दुखायचं. खुर्चीत अर्धा तास बसलं की जळजळ सुरू. लघवीला सारखं जावंसं वाटायचं, आणि गेलं की धार अडखळायची. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, घरून काम करतो, दिवसाचे नऊ-दहा तास बसून असतो. बसताच येत नसेल तर माझ्या नोकरीत उरतं काय? स्टँडअप मीटिंगला खरोखर उभा राहणारा आमच्या टीममधला मी एकटाच होतो.

आठ महिन्यांत चार डॉक्टर झाले. लघवीची तपासणी दर वेळी स्वच्छ यायची आणि दर वेळी अँटिबायोटिक मिळायचं. 'प्रोस्टेटला थोडी सूज असेल.' असेल! चौघांपैकी एकानंही हात लावून तपासलं नाही. मग मी आमच्या पिढीतलं कुणीही करेल तेच केलं. फोनवर शोधलं, 'केगेल' हा शब्द सापडला, ॲप उतरवलं आणि रोज तीन वेळा स्नायू आवळायला लागलो. तीन महिन्यांनी दुखणं दुप्पट झालं.

हा लेख त्या दुखण्याबद्दल आहे, पण त्याहून जास्त तो मी त्या काळात वाचलेल्या मजकुराबद्दल आहे. ॲपवरची वाक्यं, रील्स, योगाची पुस्तकं, बेबी कांबळे यांचं आत्मकथन, राणी बंग यांचं 'कानोसा', र. धों. कर्व्यांचं मासिक. एकाच स्नायूचा माग काढत मी हे सगळं वाचत गेलो, आणि वाचता वाचता माझी एक तक्रार तयार झाली. आपल्या भाषेत या जागेसाठी आवळण्याचे शब्द भरपूर आहेत. सोडण्याचे जवळपास नाहीत.

आधी तो स्नायू काय आहे ते सांगतो. तुम्ही मेडिकलचे नसाल तर तुम्हाला ते कुणी सांगितलेलं नसणार. पुढं जांघांच्या मधलं हाड आणि मागं माकडहाड, या दोन टोकांच्या मध्ये झोळीसारखा ताणलेला स्नायूंचा एक पडदा असतो. बाईमाणसाला असतो तसाच पुरुषालाही असतो. मूत्राशय, गर्भाशय किंवा प्रोस्टेट, आणि मलाशय हे सगळं या झोळीवर टेकलेलं असतं. लघवी आणि शी धरून ठेवणं हे तिचं काम, आणि वेळ आली की वाट मोकळी करून देणं हेही तिचंच. संभोगात ती असते, बाळंतपणात ती असते, आणि श्वासातही ती असते: श्वास आत घेताना छातीखालचा पडदा खाली येतो, तेव्हा ही झोळीही किंचित खाली जाते, आणि श्वास सोडताना वर येते. म्हणजे आत्ता हे वाचतानाही ती तुमच्या नकळत हलते आहे. निदान हलायला हवी.

इंग्रजीत हिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मराठीत काय म्हणतात? 'श्रोणितल' हा पाठ्यपुस्तकी शब्द मी आजवर एकाही जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. बाकी आपण 'ओटीपोट' म्हणतो. मला हा शब्द फार आवडतो. अंबाबाईच्या देवळाबाहेर खण-नारळाची ताटं घेऊन बायका रांगेत उभ्या असतात, ते ओटी भरायला. शरीराचा तो भाग म्हणजे देण्याघेण्याची, मान ठेवण्याची जागा. पण ज्या ओटीत आपण नारळ आणि तांदूळ घालतो, तिच्या तळाला नाव नाही. बायकांच्या बोलण्यात तो तळ येतो तेव्हा तो सरळ 'अंग' होतो. 'अंग बाहेर येतं' म्हणजे गर्भाशय खाली सरकून योनीतून बाहेर डोकावतं. 'अंगावरून जातं' म्हणजे स्राव. एका अवयवाचं नाव घ्यायचं नाही म्हणून पूर्ण शरीराचं नाव घ्यायचं, ही हुशारी कुणी एकीनं केलेली नाही, पिढ्यांनी मिळून केली आहे. आणि पुरुषाला तर तेवढंही नाही. माझ्यासाठी भाषेनं काय ठेवलं होतं? 'गुप्तरोग', भिंतीवर, लाल रंगात.

आता ॲप. नाव घेत नाही, कारण एकसारखी डझनभर आहेत. पडद्यावर एक वर्तुळ लहान होतं तेव्हा आवळायचं, मोठं होतं तेव्हा सोडायचं. दहा दिवस सलग केलं की बक्षीस, मग पुढची पातळी. पुढच्या पातळीत आवळण्याचा वेळ वाढतो, सोडण्याचा कमी होतो. व्यवसायानं मी असल्याच गोष्टी बनवतो, त्यामुळं यातली चूक मला आधी दिसायला हवी होती. या ॲपनं मला एकही प्रश्न विचारलेला नाही. तुमचा स्नायू ढिला आहे की आधीच आखडलेला? दुखतं का? कधी? आत काय येतंय ते न तपासता प्रोग्रॅम चालवला तर काय होतं, हे आमच्याकडं नवशिक्यालाही माहीत असतं. इथं तर माणूसच आत येत होता, आणि न तपासता.

गंमत अशी की ज्याच्या नावानं हे सगळं चालतं, त्या आर्नल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं हे असं सांगितलंच नव्हतं. १९४८ साली त्यानं बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी व्यायाम सुचवला, तेव्हा सोबत दाब मोजणारं एक उपकरण होतं. योग्य स्नायू हलतोय का ते आधी तपासायचं, आकडा बाईला दाखवायचा, मग सराव. जगानं आवळणं ठेवलं आणि तपासणं टाकून दिलं. १९९१ च्या एका अमेरिकन अभ्यासात ४७ बायकांना हा व्यायाम फक्त तोंडी समजावून सांगितला होता. नीट जमला तो जेमतेम निम्म्या जणींना, आणि पाव जणी तो अशा तऱ्हेनं करत होत्या की त्रास उलट वाढावा. तिथं निदान समोर सांगणारं माणूस होतं. माझ्यासमोर वर्तुळ होतं.

रील्सबद्दल फार लिहीत नाही. त्यांत दोनच जाती आहेत. एक 'बाळंतपणानंतर पुन्हा पहिल्यासारखं', दुसरी 'पुरुषांनो, ताकद वाढवा'. दोन्हींचा सूर त्या भिंतीवरच्या जाहिरातीचाच आहे, फक्त रंग बदललाय.

पण सगळं खापर फोनवर फोडून चालणार नाही. माझ्या गावाची शरीराबद्दलची समजूत ॲपच्या कितीतरी आधीची आहे. शाहू महाराजांच्या काळापासून, खासबागेच्या मैदानापासून, हे पैलवानांचं गाव. आमच्या गल्लीतल्या तालमीत मीही दोन उन्हाळे जोर मारले आहेत. तालमीची भाषा बघा: कमावलेलं शरीर, कसलेलं अंग, 'लंगोटाचा पक्का'. शेवटच्या शब्दात कापडाची गाठ आणि चारित्र्य एकाच झटक्यात बांधलेलं आहे. याच्या उलट काय? 'सैल'. सैल जिभेचा, सैल हाताचा, सैल वागणुकीची. मराठीत कंबर कसतात, पदर खोचतात, काष्टा घट्ट मारतात, बाळंतिणीचं पोट बांधतात. 'सैलसर' कपडे तेवढे बिचारे निरुपद्रवी. सैल असणं हा आपल्याकडं स्नायूचा गुण नाहीच, स्वभावाचा दोष आहे. अशा भाषेत वाढलेल्या पोराला कुणी 'तुझा स्नायू सैल सोडायला शिक' म्हटलं, तर त्याला ते आधी ऐकूच येत नाही.

योगाच्या पुस्तकांकडं मी याच आशेनं गेलो, की तिथं तरी सोडायला शिकवतील. तिथं भेटला मूलबंध. 'हठप्रदीपिके'त त्याचं वर्णन आहे: टाचेनं शिवणीची जागा दाबायची, गुदद्वार आवळायचं आणि अपान वायू वर खेचायचा. शेकडो वर्षांपूर्वी या स्नायूची इतकी नेमकी जाणीव कुणाला तरी होती, हे वाचून मी चाट पडलो. पण पुन्हा बंधच. अन्याय नको म्हणून हेही सांगतो की त्याच परंपरेत शवासन आहे, आणि उताणं पडून तळवे जुळवून मांड्या बाजूला सोडायचं सुप्त बद्धकोणासनही आहे. पुढं माझ्या उपचारात यातलं बरंच काही आलं. माझा आक्षेप वेगळा आहे. हल्लीच्या लोकप्रिय योगपुस्तकांत मूलबंधाला ओज, तेज, संयम यांचं अख्खं प्रकरण मिळतं आणि सोडण्याच्या आसनांना 'थकवा जातो' एवढी एक ओळ.

मग बहिणीच्या कपाटातून 'जिणं आमुचं' हातात आलं. बेबी कांबळे यांचं हे पुस्तक १९८६ चं. कॉलेजात असताना मी ते वाचलं होतं, म्हणजे त्यावरचा निबंध वाचला होता. या वेळी मी बाळंतपणाच्या पानांवर अडकलो. महारवाड्यातली कोवळी पोर अडलेली आहे. जमलेल्या बाया बाळाचं डोकं कुठवर आलंय ते बघायला पुन्हा पुन्हा हात घालतात. जखमा होतात, सूज येते. आणि सुटका झाल्यावर त्या बाळंतिणीला घालायला घरात अन्न नसतं. कांबळे यावर गळा काढत नाहीत. एखादी प्रक्रिया सांगावी तसं सांगत जातात: काय केलं जायचं, त्यानं काय व्हायचं. त्यात अज्ञानाचा वाटा किती आणि भुकेचा किती, हे वाचणाऱ्याला आपोआप दिसतं. मराठीत या जागेबद्दल इतक्या सरळपणे लिहिलेलं मी दुसरं काही वाचलेलं नाही. त्यांच्याकडं 'अंग' हा आडपडदा नाही. तिथं जखम आहे, आणि ती कुणाच्या नखानं झाली तेही आहे.

ही पानं मृत्यूच्या सावलीत लिहिलेली आहेत, ती बाई वाचेल का एवढाच तिथं प्रश्न आहे, आणि तो बरोबर आहे. पण मी ती स्नायूच्या बाजूनं वाचत होतो, त्यामुळं मला पुढचा प्रश्न पडला. ज्या वाचल्या त्यांचं काय झालं? त्या उठल्या, मोळ्या डोक्यावर घेतल्या, पुढची बाळंतपणं झाली, आणि पुढची चाळीस वर्षं त्या फाटलेल्या झोळीवर काढली. त्या चाळीस वर्षांचं आत्मकथन कुणी लिहिलंय?

ते मला थोडंफार सापडलं डॉ. राणी बंग यांच्या 'कानोसा'त. बंग दांपत्यानं गडचिरोलीत केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि त्याचे आकडे अजूनही डोकं बधिर करतात. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार होता, सरासरी काढली तर प्रत्येकीला साडेतीनच्या वर. आणि त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या ८ टक्के. बहुतेक लोक यातला ९२ चा आकडा सांगतात. मला ८ चा जास्त बोलका वाटतो. कोल्हापुरात राहणारा, विमा असलेला, चार एमडी-एमएस डॉक्टरांकडं गेलेला मी, त्या ८ टक्क्यांत नव्हतो. तुलना अतिरेकी आहे, कबूल. माझ्याकडं पर्याय होते, त्या बायकांकडं नव्हते. पण न बघता औषध देण्याची रीत तीच आहे.

'कानोसा' हे त्या आकड्यांमागचं ऐकणं आहे, आणि ते त्याच्या नावातच आलंय. स्त्रीरोगतज्ज्ञ असलेली बाई खाली बसून विचारते, की तुमच्या शरीरात काय चालतं असं तुम्हाला वाटतं? आणि मिळालेलं उत्तर 'अडाणीपणा' म्हणून खोडून काढत नाही. पुस्तकाची ताकद या क्रमात आहे: आधी त्यांचा शब्द, मग आपलं निदान. माझ्या चार डॉक्टरांनी नेमका हाच क्रम उलटा केला होता. एक वाचक म्हणून मला कुठं अडलं तेही लिहितो. वाचताना आपण दाराबाहेर उभं राहून ऐकतोय असं मला सतत वाटत राहिलं. कानोसा घेणं म्हणजे तरी दुसरं काय? हा पुस्तकाचा दोष नाही. पुरुषांचा असा कानोसा कुणी घेतलेलाच नाही, ही उणीव आहे.

म्हणजे 'घेतलेलाच नाही' असंही म्हणता येणार नाही. र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवत होते, आणि त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं देत होते. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. कर्व्यांचं लेखन मला आज रुक्ष वाटतं, कधी कधी तुसडंही; समोरच्याची भीती त्यांना दिसत नाही, फक्त चूक दिसते. पण विचारणाऱ्याला लाज वाटावी असं ते एक अक्षर लिहीत नाहीत. नव्वद वर्षांनी त्याच प्रश्नांचं दुकान 'गुप्तरोग'वाल्यांच्या हातात आहे, आणि त्यांना दंड नाही.

शेवटी मी पुण्याला गेलो. कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट पुष्कळ आहेत, गुडघा, पाठ, पॅरालिसिस सगळं बघतात, पण पुरुषाच्या या स्नायूवर काम करणारं कुणी मला तेव्हा सापडलं नाही. बसून पाच तासांचा प्रवास, बसण्याच्या दुखण्यासाठी. सातारा येईपर्यंत मी निम्मा वेळ उभा होतो. कंडक्टरला वाटलं सीटचं भांडण आहे.

पहिल्या भेटीत मॅडमनी पाऊण तास फक्त प्रश्न विचारले. पाणी किती, लघवीला किती वेळा, शीला जोर करावा लागतो का, जबडा आवळून झोपता का, काम कुठल्या खुर्चीत. मग मॉडेलवर स्नायू दाखवले आणि सांगितलं, की नीट तपासायचं तर हातमोजा घालून गुदद्वारातून एका बोटानं तपासावं लागेल. तुम्ही नाही म्हणू शकता, मध्येच थांबवू शकता, आणि आज नको असेल तर बाहेरून काम सुरू करू. मी नको म्हटलं. त्यांनी 'बरं' म्हटलं आणि श्वास शिकवला. मला वाटतं मी बरा व्हायला त्या 'बरं'पासून सुरुवात झाली. दुसऱ्या भेटीत मी हो म्हटलं. आतल्या एका जागेवर बोट टेकलं आणि आठ महिन्यांचं दुखणं जसंच्या तसं उमटलं. त्या म्हणाल्या, "आता सैल सोडा." मी सोडलं. "नाही, हे तुम्ही ढकलताय." पुन्हा. "आता आवळलंत." मला सोडताच येत नव्हतं. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला आपला एक स्नायू चालू करता येतो, पण बंद करता येत नाही! आणि मी तीन महिने तो ॲप लावून आवळत होतो.

दीर्घकाळ चालणाऱ्या ज्या दुखण्याला पुरुषांमध्ये सरसकट प्रोस्टेटचा संसर्ग म्हटलं जातं, त्यातल्या बहुतेकांना जंतू नसतातच. अशा दुखण्यावर हातानं स्नायू सोडवण्याचा एक छोटा अमेरिकन अभ्यास २००९ मध्ये आला, ४७ जणांचा, त्यात निम्मे पुरुष. नेमक्या स्नायूंवर काम केलेल्यांपैकी ५७ टक्क्यांना फरक पडला, नुसत्या सर्वांगाच्या मसाजनं २१ टक्क्यांना. लहान अभ्यास आहे, शंभर टक्के नाही, आणि मलाही शंभर टक्के आलेला नाही. सात महिन्यांत मी तीन तास सलग बसू शकतो. वाईट आठवडे येतात.

हा उपचार कुणाला, याचं उत्तर म्हणून फक्त 'बाळंतिणीला' म्हणणं आता मला चुकीचं वाटतं, आणि फक्त माझ्यासारख्याला म्हणणंही. खोकताना-हसताना लघवी सुटणाऱ्या बाईला तो आहे. तिथं मात्र आवळणंच लागतं, पण शिकून: इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनात निदान तीन महिने देखरेखीखाली सराव हा पहिला उपाय सांगितलेला आहे, गोळी किंवा ऑपरेशनच्या आधी. अशा सरावाच्या अनेक चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये पाहिलं, तेव्हा सराव केलेल्यांपैकी ५६ टक्के बायकांनी त्रास गेल्याचं सांगितलं, न केलेल्यांपैकी ६ टक्के. अंग थोडं खाली आलेल्या बाईला तो आहे. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवीवर ताबा न राहिलेल्या काकांना आहे. शी करताना उलट स्नायू आवळणाऱ्या, वर्षानुवर्षं चूर्ण खाणाऱ्या माणसाला आहे. संबंधाच्या वेळी कळ येते म्हणून लग्न मोडायच्या बेतात आलेल्या जोडप्याला आहे. (त्या जोडप्याला आपल्याकडं आधी 'मनातलं काढून टाका' असं सांगितलं जातं. मन बिचारं कशाकशाला पुरेल?) पण लघवीत रक्त, ताप, वजन घटणं, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं किंवा लघवी एकदम अडणं, यातलं काही असेल तर फिजिओथेरपिस्ट नंतर, डॉक्टर आधी आणि लगेच.

या यादीतून आमच्या जिल्ह्याच्या शिवारात दरवर्षी येणाऱ्या बायका सुटू नयेत. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांवर येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई मी हायवेवरून शंभर वेळा पाहिली आहे. २०१९ च्या सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. 'पिशवी काढली.' या शब्दाइतका खोटा दिलासा देणारा शब्द मराठीत नसेल. पिशवी म्हणजे जणू बाजाराची. रिकामी झाली, काढून टाकली. तिच्याखालचा तळ तसाच राहतो, ओझं तेच राहतं. आणि याच मातीत, शिरोड्याच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी गर्भाशय न काढता ते वर टांगून धरण्याचं ऑपरेशन शोधलं होतं, जगभर त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं. वाचवण्याचं कौशल्य आपल्याकडं होतं. काढणं स्वस्त पडलं.

मी आईला माझं दुखणं सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा आज्जीचं सांगितलं. वैरणीचा भारा उचलला की आज्जीचं अंग बाहेर यायचं. ती गोठ्यात जाऊन उकिडवी बसायची, हातानं आत ढकलायची, चिंध्यांची घडी कसून बांधायची आणि पुन्हा भारा उचलायची. वीस वर्षं. घरातल्या एकाही पुरुषाला हे माहीत नव्हतं. "तुला तरी कुठं सांगायला हवं होतं," आई म्हणाली, आणि उठून चहा ठेवला.

आईची नोकरी प्राथमिक शाळेत गेली, तीस वर्षं. शाळेत बायकांना संडास नव्हता तेव्हापासून. तिला कोल्हापूर ते पुणे रस्त्यावर कुठल्या स्टँडचं मुतारीघर बरं आहे हे पाठ आहे, हे मला माहीत होतं. का पाठ आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं. मागच्या महिन्यात ती माझ्यासोबत आली, 'तुला सोबत' म्हणून. बसमध्ये तिनं 'कानोसा' वाचलं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. कऱ्हाडच्या पुढं एकदा मान वर करून म्हणाली, "हिनं विचारलं तरी," आणि पुन्हा वाचायला लागली.

दवाखान्यात मॅडमनी तिलाही फॉर्म दिला, भरायचा तर भरा म्हणून. 'खोकताना, शिंकताना, हसताना लघवी सुटते का?' आईनं शाळेतल्या स्वच्छ अक्षरात 'नाही' लिहिलं आणि पेन बंद केलं. मी आत जाऊन आलो, अर्धा तास. बाहेर आलो तेव्हा फॉर्म अजून तिच्या मांडीवर होता. 'नाही'वर एक रेघ मारलेली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'दुसऱ्या बाळंतपणापासून'.

दुसरं बाळंतपण म्हणजे मी.